फॅमिली फ्लोटर: एजंट भारी, रूम रेंटचं कलम वाईट
वडगावात आमचे पावरलूम, कामगार दहाच्या आत म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू नाही, मग बाबांना धरून घरच्यांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा पॉलिसी, घेतली. एजंट चांगला हाय, रात्री पण फोन उचलतो की वो! २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला ते बरं झालं, ग्रुप पॉलिसीवर मात्र लागतोय. पण रूम रेंटची लिमिट, म्हणजे दवाखान्यातल्या खोलीचं भाडं पॉलिसी किती देते, ते आधी बघा, बाबांना जरा महाग खोली घेतली तर नुसतं भाडंच नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशन सगळ्यातच त्या हिशोबानं क्लेमचे पैसे कापले. जुन्या शुगर-बीपीला वेटिंग (त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ) आता ३ वर्षांपेक्षा जास्त लावता येत नाही, तरी फॉर्मात लपवू नका. एजंटला पाच स्टार, पॉलिसीला तीन.