लोअरिंगचे पैसे घेऊन कापलेल्या स्प्रिंगा

होंडा सिव्हिकच्या आठव्या पिढीच्या सेडानला जपानी टाइप-आरसारखे, म्हणजे तिच्याच स्पोर्टी आवृत्तीसारखे, फायबरचे बंपर आणि साइड स्कर्ट (दारांखालच्या पट्ट्या) लावून देणाऱ्या एका गॅरेजने किट नीट बसवले, पण गाडीच्या उंचीबाबत मला सरळसरळ फसवले.

बिलात ‘लोअरिंग स्प्रिंग, चार नग’, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, असे लिहून पूर्ण पैसे घेतले होते. गाडी ताब्यात देताना चाक आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांमधली फट हवी तेवढीच दिसत होती, कारण ती नुकतीच लिफ्टवरून उतरवलेली होती. अशी गाडी थोडी चालवल्याशिवाय सस्पेन्शनवर पूर्ण बसत नाही. शिवाय चाके लोंबकळत असतानाच कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट आवळले, तर पिळलेले रबर तिला काही काळ वर धरून ठेवते. पुढे गाडी खाली बसली, आणि गतिरोधकावर ब्रेक लावताच बंपरची खालची कड घासू लागली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. गल्लीबोळातले त्याहून कितीतरी उभट असतात.

अलाइनमेंटवाल्याने गाडी जॅकवर घेतली तेव्हा पुढची स्प्रिंग हाताने हलत होती. तिचे टोक ग्राइंडरने कापलेले, त्याजवळचा रंग जळलेला, धातू निळसर पडलेला, आणि उरलेल्या वेटोळ्यांवर कंपनीच्या रंगखुणा तशाच होत्या. माझ्याच मूळ स्प्रिंगा कापून पुन्हा बसवल्या होत्या. अशी स्प्रिंग खड्ड्यात चाक लोंबकळताच बैठकीतून सरकू शकते, हे जीवावर बेतणारे आहे. जुन्या स्प्रिंगा मागितल्यावर ‘भंगारात गेल्या, साहेब’ एवढेच उत्तर मिळाले.

म्हणून कोणीही लोअरिंगचे पैसे चुकते करण्याआधी चारही जुन्या स्प्रिंगा ताब्यात घ्याव्यात आणि नव्यांचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्यावा. काम सुरू होण्यापूर्वी सपाट जागेवर, टाकी भरलेली असताना, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजावे. जमिनीपासूनचे माप टायर आणि हवेनुसार बदलते. किटची कड मूळ बंपरपेक्षा खाली येते, त्यामुळे किट तात्पुरते लावून पाहिल्यावरच गाडी किती खाली घ्यायची ते ठरवावे, आणि काम झाल्यावर गाडी चालवून आणून तीच मापे पुन्हा घ्यावीत.

बिल आणि कापलेल्या टोकांचे फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. गाडीत आता कंपनीच्या नव्या स्प्रिंगा आहेत. कापलेल्या स्प्रिंगा पुरावा म्हणून माझ्याकडेच आहेत.