तीन बोल्टचं रिम लॉक: कुलूप पक्कं, बसवणं कच्चं

इंदूरच्या सियागंज बाजारात दारासाठी कुलूप मागितलं की काउंटरवर हल्ली सगळ्यात आधी तीन बोल्टचं रिम लॉक येतं. दाराच्या आतल्या अंगाला बसणारी जाड पेटी, बाहेरून दिसतं ते फक्त किल्लीचं गोल तोंड, आणि किल्ली फिरवली की बाजूने निघणारे तीन दांडे. बऱ्या कंपनीचं घेतलं तर दोन हजारांच्या पुढे जातं. दुकानदार म्हणतो, ‘टूटेगा नहीं साहब.’ खोटं बोलत नाही तो. कुलूप तुटत नाहीच. उखडतं ते त्याच्या समोरचं, चौकटीवर ठोकलेलं खोकं, ज्यात हे दांडे शिरतात. त्याबद्दल काउंटरवर कोणी चकार शब्द काढत नाही.

आधी जमेची बाजू. जुनं नाइट लॅच बहुतेक घरांत अजून आहे. त्याची जीभ तिरकी आणि मागे स्प्रिंग. दार ओढलं की आपोआप लागतं, याचंच लोकांना कौतुक. पण जी जीभ चौकटीला घासून आत जाते, ती फटीतून सरकवलेल्या लवचिक पट्टीनेही आत जाते. रिम लॉकचे दांडे चौकोनी तोंडाचे आणि बिनस्प्रिंगचे असतात, किल्ली किंवा आतली मूठ फिरल्याशिवाय ते हलत नाहीत. दुकानातच तपासा: दांडे पूर्ण बाहेर काढा आणि अंगठ्याने जोरात आत ढकला. केसभरही मागे गेले तर तो डबा परत द्या. दांडा बाहेर किती येतो तेही पट्टीने मोजा. २० मिमीच्या खाली असेल तर नको, कारण दार आणि चौकट यांच्यातली तीन-चार मिमीची फट त्यातून वजा होते. काही मॉडेलांत पहिल्या फेऱ्यात दांडा अर्धा येतो आणि दुसऱ्या फेऱ्यात पूर्ण. ही सोय चांगली, पण घरातल्या प्रत्येकाला ती माहीत हवी.

पट्टीने उघडलेल्या लॅचचा आणखी एक तोटा आहे. दारावर ओरखडाही राहत नाही, आणि घरफोडीचा विमा साधारणपणे बळजबरीने आत शिरल्याची खूण मागतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या विकतात त्या ‘भारत गृह रक्षा’त सगळं आलं असं पुष्कळांना वाटतं. ती मुळात आग, पूर, भूकंप यांची पॉलिसी. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

किल्लीबद्दल. कडेला दाते असलेली साधी किल्ली कोपऱ्यावरचा चाबीवाला कानस घेऊन पाच मिनिटांत करून देतो. अंगावर खळगे असलेली चपटी किल्ली, जिला दुकानात ‘कंप्यूटर चाबी’ म्हणतात, कानशीने होत नाही, तिला यंत्र लागतं. एवढ्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. डबा सीलबंद घ्या, किल्ल्या मोजून घ्या, आणि किल्लीवर क्रमांक असेल तर त्याचा फोटो कुणालाही पाठवू नका. नव्या फ्लॅटचा ताबा घेताना बिल्डरने दिलेलं कुलूप तसंच ठेवणं हा तर भाबडेपणाच झाला. फरशीवाला, रंगारी, वायरमन, सगळ्यांच्या हातून ती किल्ली गेलेली असते. अख्खं कुलूप बदलायची गरज नाही, बहुतेक कंपन्यांचं फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो गोल भाग, वेगळं मिळतं. आणि कपाट उघडायला चाबीवाला घरी आलाच तर त्याच्याजवळून हलू नका. ‘जरा तेल आणा’, ‘ही किल्ली गॅसवर तापवून आणा’ असं सांगून घरच्या माणसाला आत पिटाळायचं आणि तेवढ्यात लॉकर साफ करायचा, ही युक्ती जुनीच आहे.

आता नावातली मेख. तीन बोल्ट म्हणजे तीन ठिकाणी बंदोबस्त नव्हे. तिन्ही दांडे एका पेटीतून, वीतभर अंतरातच बाहेर येतात. आपल्या वाड्यांतला अडसर आठवा: दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा, भिंतीतल्या खोबणीत रुतणारा. धक्का दाराला बसला तरी सोसायची ती भिंत. इथे सात फुटी दार मधोमध एका बिंदूवर धरलेलं असतं. खालच्या कोपऱ्यात पहार घातली तर दार तिथून वाकतं आणि पेटीवर पीळ पडतो. उपाय साधा आहे, पण खर्चाचा: पेटी जमिनीपासून मीटरभर उंचीवर, आणि दुसरं लहान एकबोल्टी रिम लॉक गुडघ्याच्या उंचीवर. रात्री आतून वर-खाली टॉवर बोल्ट, म्हणजे सरकत्या कड्या, लावल्या की झालं. बाहेर जाताना मात्र त्या कामाच्या नाहीत, म्हणून दुसरं कुलूप.

आणि आता ते खोकं. आपल्याकडे मुख्य दार आत उघडतं. बाहेरून लाथ किंवा खांदा बसला की दांडे खोक्याला आतल्या दिशेने रेटतात, आणि खोकं चौकटीच्या आतल्या तोंडावर इंचभराच्या तीन-चार स्क्रूंवर लटकलेलं असतं. म्हणजे सगळा जोर स्क्रू सरळ उपसण्याच्या दिशेने. लाकडातला आखूड स्क्रू उपसून येणं सोपं, आडवा कापला जाणं फार अवघड. म्हणून खोकं घेताना त्याला काटकोनात वळलेला कान आहे का ते बघा. तो कान चौकटीच्या कडेवर, दार टेकतं त्या खाचेत बसतो आणि त्यातले स्क्रू भिंतीच्या दिशेने जातात. मग तोच धक्का त्यांना आडवा बसतो. डब्यातले आखूड स्क्रू बाजूला ठेवा. कानासाठी १० नंबरचे, ७५ मिमी लांबीचे स्क्रू घ्या, आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि आट्यांना साबण चोळा. जुन्या सागवानात भोक न पाडता स्क्रू पिळला तर एक तर डोकं तुटतं, नाही तर चौकट उभी चिरते. मिस्त्री घाईत असला की स्क्रू हातोडीने निम्मा ठोकतो आणि वरचे दोन आटे तेवढे पिळतो. असा स्क्रू धरतच नाही, तो नुसता खिळा. हे काम समोर उभं राहूनच करून घ्यावं.

कानवालं खोकं नसेल तर वेल्डिंगच्या दुकानातून ३ मिमी जाड आणि ४५ सेंमी लांब लोखंडी पट्टी एल आकारात वळवून घ्या, दांड्यांसाठी खाचा पाडा आणि सहा-आठ स्क्रूंनी चौकटीला जोडा. धक्का एका बिंदूवर न राहता दीड फुटावर वाटला जातो. चौकट स्वतःच भिंतीत हलत असेल तर पट्टीच्या वर-खाली १०० ते १२० मिमीचे प्लगसह लांब स्क्रू चौकटीतून विटेपर्यंत न्यावे लागतात. हलते की नाही हे बघायला दार बंद करून कुलपाजवळ तळहाताने थाप मारा. प्लास्टरच्या कडेची रेघ उघडली तर हलते. नव्या फ्लॅटमध्ये आणखी एक सोंग दिसतं: चौकटीभोवतीच्या शोभेच्या मोल्डिंगवरच खोकं बसवलेलं. ती पट्टी चार बारीक खिळ्यांनी चिकटलेली असते, पहिल्या लाथेला खोक्यासकट हातात येते.

फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही अंगांना सपाट प्लाय लावलेलं दार, असेल तर पेटीचीही काळजी घ्या. कुलपासाठी आत लाकडी ठोकळा एकाच कडेला, ठरावीक उंचीवर असतो. तो चुकला की स्क्रू वरच्या पातळ प्लायलाच धरून राहतात. भोक पाडताना भुसा सलग आणि सारखा येत असेल तर ठोकळा आहे, ड्रिल मध्येच पोकळीत गेलं तर नाही. तिथे आरपार बोल्ट घाला, बाहेरून गोल गुळगुळीत डोकं, आतून नट.

बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे सिलिंडरच्या मागची चपटी शेपटी. तिच्यावर खाचा असतात, दाराच्या जाडीप्रमाणे पकडीने ती मोडायची असते. दाराच्या आतल्या पृष्ठभागापासून साधारण १० ते १२ मिमी पुढे राहील अशी मोडा. डब्यातल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो माना. आखूड झाली तर किल्ली नुसती गरागरा फिरते, लांब राहिली तर पेटी दारापासून उचलली जाते आणि महिन्याभरात स्क्रू ढिले पडतात. मोडायच्या आधी दार मोजा. कागदावर ३५ मिमी लिहिलेलं दार सनमायका चढल्यावर ३५ राहत नाही.

या कुलपाची लोक तुलना करतात ती आल्ड्रॉप (बाहेरून लावायचा आडवा सरकता दांडा) आणि टाळ्याशी. गोदरेजने १८९७ मध्ये सुरुवातच कुलपांपासून केली, आणि त्यांचं नवतालसारखं लिव्हरचं टाळं आजही भक्कम वस्तू आहे. पण टाळं फोडायच्या भानगडीत चोर पडत नाही, तो कोयंडा उपसतो. कोयंडा ठेवायचाच तर स्क्रूऐवजी आरपार बोल्टने. शिवाय बाहेर लटकणारं टाळं गल्लीला सांगत असतं की घरात कोणी नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री अख्खं शहर झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला रस्त्यावर असतं, सुट्टीत मुंबईची अवंतिका एक्सप्रेस पकडायला घरंच्या घरं बॅगा घेऊन निघतात. अशा वेळी बाहेरून काहीच न दिसणारं रिम लॉक नक्की सरस. फक्त पेपर आणि दूध बंद करायला विसरू नका, नाही तर ओट्यावरचा ढीग टाळ्याचंच काम करतो.

आतल्या बाजूला किल्ली असलेलं मॉडेल घेऊ नका, मूठवालंच घ्या. आग लागली, धूर झाला, तर अंधारात किल्ली शोधत बसता येत नाही, आणि घरात आजी-आजोबा एकटे असतील तर प्रश्नच नाही. मुठीला एकच धोका: दारात काच असेल, शेजारी खिडकी असेल किंवा जाळीच्या दाराची नक्षी मोठ्या भोकांची असेल, तर बाहेरून हात घालून ती फिरवता येते. बाहेर उभं राहून आपलाच हात घालून बघा. मुठीपर्यंत बोटं पोचली तर तिथे पत्रा किंवा बारीक जाळी वेल्ड करून घ्या.

गच्चीचं दार मात्र या कुलपाच्या आवाक्याबाहेर. ते बहुधा बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्यांच्या पिना गच्चीकडे. पीन ठोकून काढली की कुलूप लागलेलंच राहतं आणि दार दुसऱ्या बाजूने निघतं. बिजागरीच्या कडेला, दाराच्या जाडीत वर आणि खाली एकेक जाड स्क्रू पिळा, डोकं कापून १० मिमी बाहेर ठेवा आणि समोर चौकटीत त्याला बसेल असं भोक पाडा. दार बंद असताना हे दोन खुंटे चौकटीत रुतलेले राहतात, मग पिना गेल्या तरी दार जागचं हलत नाही.

देखभाल फारशी नाही. सिलिंडरमध्ये खोबरेल तेल अजिबात घालू नका. इंदूरच्या थंडीत ते गोठतं, आणि उन्हाळ्यातली धूळ त्यावर बसून पिनांना चिखल होतो. वर्षातून दोनदा चिमूटभर ग्राफाइटची पूड पुरते. पावसाळ्यात दार फुगून दांडे खोक्याच्या कडेला अडायला लागले की कानस दांड्यावर चालवू नका, खोक्याचं भोक मिमीभर वाढवा.

आणि दांड्यांबरोबर स्प्रिंगची जीभही असलेलं मॉडेल असेल, तर दार नुसतं ओढून निघाल्यावर लागते ती फक्त जीभच. म्हणजे दोन हजार खर्चून पुन्हा जुनं लॅच. किल्ली शेवटपर्यंत फिरवा, मग दार ओढून नको, ढकलून बघा. आत उघडणारं दार ओढलं तर ते कुलपाशिवायही हलत नाही.