‘इलेक्ट्रिक ब्लू’ म्हणून विकला गेलेला आमच्याच गडग्यातला कोळी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता कुडाळ तालुक्यातील माझ्या घरी कुरिअरने एका टॅरंटुलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची, डबी आली. तिच्यावर ‘चिलोब्रॅकिस नटानिचारम, मादी, भारतात पैदास’ अशी सुबक छापील चिठ्ठी होती. चिठ्ठीतील ‘मादी’ हा शब्द खरा होता आणि चिलोब्रॅकिस हे जीनसचे (जवळच्या प्रजातींच्या गटाचे) नावही खरे होते. परंतु ज्या दोन गोष्टींसाठी मी साडेसहा हजार रुपये मोजले, ती प्रजाती आणि ती पैदास, या दोन्ही निखालस खोट्या निघाल्या. दुर्मिळ टॅरंटुलांची विक्री आजही याच रीतीने होत असल्यामुळे हा व्यवहार तपशीलवार मांडत आहे.

चिलोब्रॅकिस नटानिचारम या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन थायलंडच्या खोन केन विद्यापीठातील नरिन चोम्फूफुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. दक्षिण थायलंडमधील फांग-न्गा प्रांतात, खारफुटीच्या झाडांच्या ढोलीत हा कोळी त्यांना सापडला. मात्र त्याआधीपासूनच पाळीव प्राण्यांच्या बाजारात तो ‘इलेक्ट्रिक ब्लू’ या नावाने विकला जात होता. त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नसून अंगावरच्या केसांच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश परतताना दिसणारा आहे. प्रजातीला नाव देण्याचा मान लिलावात विकला गेला आणि ती रक्कम उत्तर थायलंडच्या डोंगराळ भागातील लाहू समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी व गरजू कर्करुग्णांसाठी देण्यात आली. नावाचा तो व्यवहार निदान उघड होता आणि पैसा सत्कारणी लागला. माझ्या वाट्याला आलेला व्यवहार तसा नव्हता.

विक्रेता शहरातला, बोलायला अदबशीर आणि विषयाची माहिती असलेला होता. या कोळ्याला साइट्स (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा) करारातील कागद लागतो का, असे मी विचारले तेव्हा त्याने, पेसिलोथेरिया आणि ब्रॅकिपेल्मा हे टॅरंटुलांचे जीनस त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत, आहेत, चिलोब्रॅकिस नाही, असे अचूक उत्तर दिले. ‘तुमच्याकडे कांदळवन आहे, हवाही दमट आहे, तिला कोकण मानवेल,’ अशी मल्लिनाथीही त्याने केली. पन्नास टक्के खरे सांगून उरलेले खोटे खपवणारा माणूस धादांत खोटे बोलणाऱ्यापेक्षा अधिक धोकादायक असतो, असे माझे मत आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत पायांवर विजेसारखी निळाई होती. तो फोटो त्याच्या स्वतःच्या कोळ्याचा नव्हता, हे नंतर तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे याचा शोध घेतल्यावर स्पष्ट झाले.

डबीतून निघालेला कोळी तपकिरी होता. कॅमेऱ्याचा फ्लॅश टाकला की पाठीच्या ढालीवर फिकट जांभळी झाक येई, आणि तेवढ्याच आधारावर विक्रेता ‘पुढच्या कातेला रंग उघडेल’ असे सांगत राहिला. हे वाक्य या धंद्यात इतके सर्रास वापरले जाते की ते ऐकताच सावध व्हावे. अनेक प्रजातींची पिल्ले खरोखरच रंगहीन असतात, त्यामुळे हे उत्तर पटते. परंतु नटानिचारमच्या बाबतीत माद्या आणि अपक्व नर यांच्या जबड्यावर, ढालीवर व पायांवर जांभळट-निळी छटा ठळक दिसते, असे मूळ शोधनिबंधातच नमूद आहे. माझ्याकडची मादी तळहाताच्या निम्म्याहून मोठी होती, म्हणजे रंग न आलेले पिल्लू नव्हती. तिने कात टाकली तेव्हा निळाई आली नाही; उलट पोटाच्या वरच्या बाजूचे गडद आडवे पट्टे, मध्यरेषेकडून दोन्ही कडांकडे उतरणारे, अगदी स्वच्छ दिसू लागले.

त्याच सुमारास आमच्या शेतीची कामे पाहणारे आबा ओटीवर आले होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिले आणि म्हणाले, ‘झिला, ह्यो तर आमच्या गडग्यातलो कोळी! ह्येका पैशे कित्याक मोजलंस?’ जांभ्याच्या गडग्यांत, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांत, आणि मातीच्या बांधांत जाळ्याचे अस्तर लावून बिळात राहणारे हे मोठे कोळी त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, आणि पावसाळ्यात बिळाबाहेर हिंडणारे नर घरात शिरतात हेही त्यांना ठाऊक होते.

अर्थात आबांच्या नजरेवर तक्रार उभी राहत नाही. म्हणून टाकलेली कात मी कोमट पाण्यात भिजवून मऊ केली आणि भिंगाखाली पाहिली. जबड्याच्या बाजूचे काटे आणि त्याला लागून असलेल्या भागावरील चपट्या केसांचा पट्टा दोन्ही दिसले. हे एकमेकांवर घासून कोळी आवाज काढतो आणि चिलोब्रॅकिस ओळखण्याची ती एक खूण आहे. म्हणजे जीनसपर्यंत विक्रेता बरोबर होता. यापुढची ओळख मी स्वतः न ठरवता, कातेच्या आतील बाजूस दिसणाऱ्या शुक्रधानीचे (मादीच्या शुक्राणू साठवणाऱ्या अवयवाचे) फोटो, पोटाचे वरून व खालून घेतलेले फोटो आणि कात असे सर्व कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक विद्यार्थ्याकडे पाठवले. बर्न येथील निसर्ग-इतिहास संग्रहालयातून चालणाऱ्या जागतिक कोळी सूचीतील मूळ वर्णनांशी ताडून त्याने जे लेखी उत्तर दिले त्याचा आशय असा, की हा कोळी नटानिचारम नाही. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ साली वर्णन केलेल्या आणि पश्चिम घाटात आढळणाऱ्या चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटसशी तो जुळतो, मात्र स्थळाची माहिती नसल्यामुळे ‘जुळतो’ यापलीकडे निश्चित विधान करता येणार नाही. व्यापारात फिम्ब्रिएटसला ‘इंडियन व्हायोलेट’ म्हणतात. ती जांभळी झाक कुठून आली होती, याचा उलगडा त्यावरून झाला.

येथे एक भेद केला पाहिजे, कारण चुकीची चिठ्ठी म्हणजे लबाडीच असे नाही. लाल गुडघ्याचा मेक्सिकन टॅरंटुला जगभर दीर्घकाळ ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावाने विकला गेला आणि २०१७ साली मेंडोझा व फ्रँके या संशोधकांनी या गटाची फेरतपासणी केल्यावर त्यांपैकी बहुसंख्य कोळी ब्रॅकिपेल्मा हॅमोरी असल्याचे स्पष्ट झाले. ती चूक ज्ञानाच्या मर्यादेतून झाली होती आणि प्रामाणिक पैदासकारांनी चिठ्ठ्या बदलल्या. आपल्या परिसरातही नावे अजून ठरत आहेत; निओहेटरोफ्रिक्टस अंबोली ही आंबोलीचे नाव धारण करणारी टॅरंटुलाची प्रजाती २०१४ साली नोंदवली गेली. माझ्या विक्रेत्याला निष्कर्ष कळवला तेव्हा त्याने आधी ‘मला ज्याने दिला त्याने हेच नाव सांगितले’ असे म्हटले, पुढे पिल्ले कधी निघाली आणि नर-मादी कोणाकडचे होते हे विचारताच ‘घाटातून एक जण आणून देतो’ असे तोंडून निसटले, आणि त्यानंतर माझा क्रमांक ब्लॉक झाला. देवगडची छापील पेटी विकत आणून तिच्यात परप्रांतीचा आंबा भरणाऱ्यांना आपण कोकणी लोक चांगले ओळखतो. येथे उलट, घरचाच माल परदेशी पेटीतून आम्हाला विकला गेला.

पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट अधिक बोचते. ती मादी कोणत्या घाटातून, कोणत्या उतारावरून उचलली हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे तिला ‘गडग्यात सोडून द्या’ हा सोपा सल्ला मला मान्य नाही. तिच्या मूळ वस्तीपासून दूर, कैदेत राहून आलेला प्राणी सोडणे हे नव्या ठिकाणच्या कोळ्यांसाठीही घातक ठरू शकते. शिवाय अशा निनावी स्थळाच्या मादीपासून कोणी पिल्ले काढली, तर खोटे नाव पुढच्या पिढ्यांसह पसरते. साइट्सच्या यादीतील प्रजातींबाबत तर चुकीच्या चिठ्ठीने तुमची सरकारी नोंदही चुकते, कारण वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि ती शास्त्रीय नावानेच होते.

म्हणून चिठ्ठीवर केवळ नाव असेल तर तिला किंमत देऊ नये. पिल्ले अंड्यांच्या पिशवीतून कोणत्या महिन्यात निघाली, आई-बाप कोणाकडून आले, त्यांचे मूळ स्थळ कोणते आणि आतापर्यंत किती काती झाल्या, हे विक्रेत्याने लिहून द्यावे; खरा पैदासकार हे विचारल्यावर खूश होतो आणि तासभर बोलतो. प्राणी परदेशी असेल तर आयातीचे कागद पाहावेत. फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी कोरा पांढरा कागद आणि त्यावर हाताने लिहिलेली तारीख ठेवून मागवावा, कारण पांढऱ्या कागदाचा रंग बिघडलेला दिसला की फोटोत निळा चढवला आहे हे लगेच कळते. पोटाच्या वरून आणि खालून असे दोन्ही फोटो हवेत. मादी म्हणून जादा दर लावला असेल तर कातेतील शुक्रधानीचा फोटो मागावा. मादी नरापेक्षा कितीतरी अधिक वर्षे जगते, त्यामुळे लबाडी तिथेही चालते. आणि आशिया-आफ्रिकेतील चपळ, जोरदार चावणाऱ्या कोळ्यावर अमेरिकेतील शांत प्रजातीची चिठ्ठी लावली असेल, तर प्रश्न पैशांचा न राहता हाताच्या बोटांचा होतो.

डबी उघडतानाचे चित्रीकरण, चिठ्ठी, यूपीआयची पावती, संपूर्ण संभाषण आणि सुकवून ठेवलेली कात हा माझा पुरावा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवूनही विक्रेत्याने दाद दिली नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. घाटातून कोळी उचलले जात असल्याची माहिती वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर स्वतंत्रपणे दिली आहे. गेल्या महिन्यात तोच निळा फोटो दुसऱ्याच नावाच्या खात्यावर ‘शेवटचे काही नग’ या ओळीसह पुन्हा झळकला. त्याचे स्क्रीनशॉट मी तक्रारीला जोडले असून पुढची सुनावणी व्हायची आहे.