व्यवसाय सोडून की सांभाळून? दोन डॉक्टर, दोन वाटा
कलेवर पोट भरेल का, ही शंका व्यवसाय सोडून मिटवावी की सांभाळून, याची दोन उत्तरे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या दोघांनी दिली आहेत. कान-नाक-घशाचे शल्यविशारद डॉ. श्रीराम लागू यांनी चाळिशी उलटल्यावर, १९६९ मध्ये, वैद्यकी सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला. मात्र ती आंधळी उडी नव्हती, कारण तिच्यामागे हौशी रंगभूमीवरची अनेक वर्षे होती आणि हातात पदवीही शाबूत होती (हे आपण सोयीस्करपणे विसरतो). मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी अध्यापन आणि अभिनय दोन्ही चालू ठेवले.

व्यवसाय सांभाळणाऱ्याला नको ती भूमिका नाकारता येते, कारण त्याचे घरभाडे प्रयोगावर अवलंबून नसते. तालमींना मात्र दिवसभराच्या कामानंतर उरलेले अंगच मिळते. पूर्णवेळ नटाची मिळकत म्हणजे प्रयोगानंतर पाकिटातून हाती पडणारी ‘नाइट’, आणि प्रयोग रद्द झाला की तीही बुडते. पण आपल्या कामाचा भाव न संकोचता सांगण्याची सवय त्या पाकिटामुळेच लागते. म्हणून मला नवख्यासाठी व्यवसाय सांभाळण्याची वाट बरी वाटते, फक्त हौशी प्रयोगांचेही मानधन त्याने पहिल्यापासून मागावे, मग ते रिक्षाभाड्याइतके का असेना.