स्टोरीवीव्हर: इंदूरच्या मराठी घरातल्या मुलांना कितपत उपयोगी?

इंदूरमध्ये मराठी घरातलं मूल आजीशी मराठीत भांडतं, शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतं आणि मराठी वाचायची वेळ आली की अडखळतं. पावसाने शाळा बंद पडली, कांजिण्या निघाल्या किंवा मे महिन्यात दुपारी बाहेर सोडण्याची सोय नसली, तर हे वाचन बसवायला त्याहून चांगले दिवस नाहीत. अडतं ते पुस्तकांवर. त्यासाठी ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ आम्ही बिनदिक्कत सुचवतो, पण ते कसं वापरायचं हे माहीत असेल तरच.

बंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ या ना-नफा संस्थेने २०१५ साली ते सुरू केलं. मुलांची सचित्र पुस्तकं अनेक भाषांत मोफत वाचता येतात, पीडीएफ उतरवून घेता येते. बहुतेक पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे छापून शेजारच्या मुलांना वाटलीत तरी चालतं, फक्त लेखक-चित्रकारांच्या नावांचं शेवटचं पान काढून टाकायचं नाही.

भाषेच्या चाळणीत मराठी निवडा आणि मग पातळी. पातळ्या चार आहेत. पहिलीत साधारण २५० शब्दांपर्यंतच्या गोष्टी, दुसरीत ६००, तिसरीत १५०० पर्यंत, चौथीत त्याहून मोठ्या. पालक इथेच चुकतात. मूल शाळेत चौथीत आहे म्हणून थेट तिसरी पातळी उघडतात. हिंदीमुळे अक्षरओळख असते, म्हणून मूल पहिलं पान धडाधड वाचतं, दुसऱ्या पानावर दमतं आणि ‘मला मराठी येत नाही’ म्हणून मोकळं होतं. शाळेची इयत्ता बाजूला ठेवा, पहिल्या पातळीपासून सुरुवात करा. एका पानावर तीनहून जास्त शब्दांना अडलं तर पुस्तक बदला. पुस्तक भराभर संपवण्यात कसलाही कमीपणा नाही. दोन दिवसांत पहिल्या पातळीची आठ पुस्तकं संपली, तर उत्तमच झालं.

अडतं नेमकं कुठे, ते नीट पाहायला हवं. अक्षरांत फारसं नाही. हिंदीत ‘पेड़ के नीचे’ असे तीन सुटे शब्द डोळ्यांना दिसतात, मराठीत ‘झाडाखाली’ एकच. आणि ‘झाडाखालच्या’ आलं की मूल शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात विसरतं. अशा वेळी अख्खा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. छापील पानावर पेन्सिलीने बारीक रेघा मारा: झाडा/खाल/च्या. आधी तुकडे, मग जोडून. एका बैठकीत असे चार-पाच शब्द पुरेत, पुढच्या गोष्टीत तेच तुकडे पुन्हा भेटतात (‘घरा/समोर/च्या’, ‘टेबला/वर/च्या’) आणि मूल ते आपणहून ओळखू लागतं. दुसरी अडचण उच्चारांची. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा आहे हे लिपी दाखवत नाही, ते कानानेच शिकावं लागतं. म्हणून पहिलं वाचन मोठ्या माणसाचं, ओळीखाली बोट फिरवत. दुसऱ्यांदा दोघांनी मिळून, तिसऱ्यांदा एकट्या मुलाने. दुसऱ्या पातळीच्या गोष्टीला हे सगळं धरून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्याहून ताणू नका.

काही पुस्तकं ‘रीडअलाँग’ स्वरूपातही आहेत. त्यात गोष्ट वाचून दाखवली जाते आणि शब्द पडद्यावर दिसतात. स्वयंपाक चालू असताना किंवा मूल तापातून उठलेलं असताना ही सोय फार कामाची. मात्र इंग्रजी-हिंदीच्या तुलनेत मराठीत निवड कमी आहे. ऐकून झाल्यावर तेच पुस्तक आवाजाशिवाय एकदा वाचून घ्या. नाहीतर मूल पाठ म्हणतं आणि आपल्याला वाटतं वाचतंय.

आता छपाई, कारण आमच्या मते खरा फायदा तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एका तासाहून जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये. ऑनलाइन शाळा असेल तर मोठ्या मुलांचेही डोळे आधीच शिणलेले असतात. फोनवर वाचायचं तर हलकी पीडीएफ पुरते, छापायला जास्त रिझोल्यूशनची घ्या. पुष्कळ पुस्तकांची पानं आडवी असतात. झेरॉक्सवाल्याला सांगा: ए-४ कागद उभा, एका कागदावर दोन पानं, छपाई एकाच बाजूला. मग मधोमध कापायचं, क्रमाने लावायचं आणि डावीकडून स्टेपल मारायचे किंवा सुई-दोऱ्याने तीन भोकांतून शिवायचं. सोळा पानांना आठ कागद लागतात. कागद वाचवायला पाठपोट छापलं तर कापल्यावर पहिल्या पानाच्या पाठीवर तिसरं येतं, दुसऱ्याच्या पाठीवर चौथं, आणि गोष्ट विस्कटते. एकाच बाजूला छापून कोऱ्या बाजू एकमेकांना डिंकाने चिकटवा, पान जाडही होतं. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद चित्रावर छापलेला मजकूर बुडतो. आधी एक पान काढून पाहा, नाहीतर मजकूर चित्राबाहेर असलेली पुस्तकंच निवडा.

मोठी उणीव अनुवादाची. इथे कोणालाही अनुवाद करता येतो. त्यामुळे काही मराठी पुस्तकं सुंदर उतरलीत, तर काहींत वाक्यरचना हिंदीची आणि शब्द तेवढे मराठी. इंदूरच्या मुलांसाठी हे जास्त घातक, कारण त्यांच्या कानाला ते खटकत नाही. मुलाला देण्याआधी दोन पानं स्वतः मोठ्याने वाचा. जीभ अडखळली की सोडून द्या. मूळ मराठीत लिहिलेल्या गोष्टी आधी शोधा.

घरात दोन मुलं असतील तर मोठ्याने धाकट्याला पहिल्या पातळीचं पुस्तक वाचून दाखवायचं. मोठ्याचा सराव होतो, त्याला ते कमीपणाचं वाटत नाही आणि आईला अर्धा तास टेकायला मिळतं. आजी-आजोबांना सामील करा, पण एक अट घाला: वाचताना मध्येच टोकायचं नाही. दर शब्दाला ‘ळ नीट म्हण’ ऐकलं की मूल पुस्तक मिटतं. चुका मनात ठेवा, गोष्ट संपल्यावर फार तर एक सांगा. दिवसभर एकाच छताखाली राहून आधीच सगळ्यांची चिडचिड झालेली असते, त्यात वाचनाची परीक्षा आणखी नको. ताप असलेल्या मुलाने फक्त ऐकावं.

गणिताच्या सरावासाठी याच्याकडे पाहू नका. विज्ञानाची गोष्टीरूप पुस्तकं आहेत, पण सरावाची उदाहरणं नाहीत. हाताने काही करायचं असेल तर विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ जोडीला घ्या. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या कृती आणि मराठी पुस्तकंही तिथे मोफत आहेत. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या शाळांसाठीच्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून त्यांनी जे आकार केले, ते आजही टेबलावर तासाभरात होतात. त्रिकोण दाबून हलत नाही, चौकोन कलंडतो, हे मुलाला स्वतःच्या बोटांना कळतं. काड्यांचा गुल आधी खरवडून टाका, हे काम मोठ्यांचं.

वयाचं म्हणाल तर चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी निःशंक घ्या. अकरा-बाराच्या पुढच्या, सवयीने वाचणाऱ्या मुलांना चौथी पातळीही लवकर पुरेनाशी होते. बाहेर पडता येऊ लागलं की त्यांना राजवाड्याकडच्या इंदूर जनरल लायब्ररीत न्या आणि मराठीचं कपाट त्यांचं त्यांना धुंडाळू द्या.