जीमेलचा स्पॅम फिल्टर: होमस्टे आणि आंबेवाल्यांच्या कितपत कामाचा?

गुहागर, दापोली, तारकर्लीकडचे कितीतरी होमस्टे आणि देवगड-रत्नागिरीचे बागायतदार फुकटच्या जीमेलवरच धंदा चालवतात. पत्ता वेबसाइटवर आणि रस्त्यावरच्या बोर्डावर लावलेला असतो, त्यामुळे कर्जाच्या ऑफर, बनावट बिलं, 'तुमची साइट पहिल्या नंबरवर आणतो' असला घाऊक मेल येतच राहणार. तो अडवण्यात जीमेल तरबेज आहे. आपल्याला महाग पडते ती त्याची दुसरी चूक: सुक्याबरोबर ओलंही जळतं. मे महिन्यातली चार खोल्यांची चौकशी स्पॅममध्ये पडून राहिली, तर पाहुणा दुसरीकडे जातो. ३० दिवसांनी तो मेल आपोआप पुसलाही जातो.

म्हणून सीझनमध्ये स्पॅम फोल्डर रोज उघडा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे. चांगला मेल सापडला की 'नॉट स्पॅम' दाबा. बुकिंगच्या साइटवरून येणारे मेल वारंवार अडकत असतील तर फिल्टर लावा. मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही, हा मोठा उणेपणा. कॉम्प्युटरवर शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, 'फ्रॉम'मध्ये त्या साइटच्या पत्त्याचा @ पासून पुढचा भाग टाका, 'क्रिएट फिल्टर' करा आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक करा. विषयात 'बुकिंग' हा शब्द असलेला प्रत्येक मेल आत घ्या, असा फिल्टर मात्र कधीही लावू नका. भामटे नेमका तोच शब्द वापरतात.

जीमेलचा स्पॅम फिल्टर जिथे कमी पडतो ती जागा नीट समजून घ्या. 'पाहुण्याने तक्रार केली आहे, २४ तासांत उत्तर द्या' असा मेल येतो. लिंक उघडली की 'मी रोबोट नाही' अशी चौकट दिसते आणि खाली सूचना: विंडोज बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. ही खातरजमा नव्हेच. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरवर चालवता आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत शिरतो. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. शंका आली तर मेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' उघडा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या, मेल खरंच त्या पत्त्यावरून आला का ते पाहणाऱ्या, तपासण्यांपुढे 'फेल' दिसलं तर लिंकला हात लावू नका. 'पास' दिसलं तरी पत्त्याचं स्पेलिंग अक्षर न अक्षर वाचा, कारण मिळत्याजुळत्या नावाचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ पुढचा भाग, विकत घेऊन 'पास' मिळवता येतो. उत्तर द्यायचंच असेल तर साइट स्वतः उघडून, लॉग-इन करून द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.

ओळखीच्या कंपनीच्या जाहिराती नको असतील तर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारचं 'अनसबस्क्राइब' वापरा. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गुगलने २०२४ पासून ही एका क्लिकची सोय बंधनकारक केली आहे. अनोळखी मेलच्या पोटातली तसलीच लिंक दाबू नका, पत्ता चालू असल्याची खात्री त्यांना आयती मिळते. तिथे 'रिपोर्ट स्पॅम'च योग्य. 'ब्लॉक'चा फारसा उपयोग नाही, कारण हे लोक दर वेळी पत्ता बदलतात.

१५ जीबीची जागा फोटो आणि ड्राइव्हसकट एकच आहे, आणि स्पॅमही तीच खातो. समुद्राचे आणि खोल्यांचे व्हिडिओ चढवून ती भरली की येणारे मेल परत फिरतात. फेब्रुवारीतच जागा मोकळी करून ठेवा.

आता आपल्या बाजूचं. मार्चमध्ये हापूसचा भाव दोनशे जुन्या गिऱ्हाइकांना बीसीसीत (एकमेकांचे पत्ते न दिसता) एकदम, पेट्यांचे जड फोटो जोडून पाठवला, तर त्यांच्याकडे तोच मेल स्पॅम ठरू शकतो. फुकटच्या खात्याला दिवसाची मर्यादाही ५०० चीच. वीस-वीस जणांना, नावानिशी, साध्या मजकुरात पाठवा. गिऱ्हाइकाने पेटीची पहिली ऑर्डर दिली की त्याच वेळी आपला पत्ता कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करायला सांगा.