कुत्र्याचं काम पोरांना नेमून द्यावं की पाळी लावावी?

घरात छोटं कुत्रं आलं की पहिल्या आठवड्यात पोरं भांडतात, कारण दोघांनाही सगळं स्वतःच करायचं असतं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा भांडतात, कारण आता कोणालाच काही करायचं नसतं. जळगावला आमच्याकडे टिल्लू नावाचं पाच किलोचं पॉमेरियन आहे आणि त्याचे दोन मालक आहेत: सात वर्षांचा धाकटा आणि अकरा वर्षांची मोठी. आधी आम्ही 'आज तू, उद्या ती' अशी पाळी लावली. मग ती मोडून ज्याला त्याला काम नेमून दिलं.

पाळी ऐकायला बरोबर वाटते. ती फसली पाण्यापाशी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, ओसरीवरच्या भांड्यातलं पाणी दुपारपर्यंत कोमट होतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं, म्हणजे पाणी सतत हवं. एका दुपारी आजीनं विचारलं, "कुत्राले पानी दिन्हं का रे?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भांडं कोरडं. "आज माझी पाळी नव्हती," दोघंही म्हणाले, आणि खरं सांगायचं तर दोघंही मनापासून म्हणत होते.

सात वर्षांच्या पोराला आज कोणता वार हे आठवत नाही, पण 'शाळेतून आलो की दप्तर ठेवायच्या आधी' हे आठवतं. पाणी त्याच्याकडे नेमून दिल्यापासून भांडं दिवसातून तीन-चारदा विसळून भरलं जातं. मधल्या वेळी मी फक्त डोकावते.

जेवणाचं तर पाळीवर सोडूच नये. एकानं घातलं, दुसऱ्याला माहीत नाही, त्यानंही मायेनं घातलं; टिल्लू काही सांगायला येत नाही. त्यात आपला स्वयंपाक! शेवभाजी काय, भरीत काय, कांदा-लसणाशिवाय पान हलत नाही, आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-मनुक्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, चॉकलेटही विषच. पाच किलोच्या जिवाला थोडंसुद्धा जड जातं. म्हणून जेवण एकटीच्या हाती, म्हणजे मोठीच्या, आणि ठरलेल्या एकाच वाटीनं. धाकट्याला लाड करायचेच असले तर केळ्याचा लहानसा तुकडा. केळीला आपल्याकडे काय तोटा!

फिरायला नेणं मात्र पाळीनंच. ते काम नाही, मजा आहे. ती एकालाच दिली की दुसऱ्याचं तोंड फुगतं, आणि कुत्रंही एकाचंच ऐकायला लागतं. पट्टा पोराच्या हातात असला तरी सोबत मोठं माणूस हवंच. गल्लीतली कुत्री अंगावर आली की पोरं टिल्लूला उचलून घ्यायला धावतात, आणि चावा पोरांनाच बसतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवस मावळून रस्ता निवल्यावर. ज्याची पाळी त्यानं आधी पालथा हात पाच-सात सेकंद डांबरावर टेकवून बघायचा. हाताला सोसवलं नाही तर पंजांनाही सोसणार नाही.

गोचीड काढणं, नखं, जंताचं औषध, लस: यात पोरांना घेऊच नका. ब्रश करताना कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड दिसली की हाक मारायची, एवढंच त्यांचं काम. आणि कुत्रं खात असताना त्याला कोणीच हात लावायचा नाही.

एक गोष्ट पद्धतीपलीकडची, पण तिच्यावर मी अडून बसते. घरच्या कुत्र्याचा दात किंवा नख लागलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची, कुत्र्याला लस दिलेली असली तरीही. काम नेमून दिलेलं पोर हे हमखास लपवतं. काम काढून घेतील, टिल्लूला मार बसेल अशी धास्ती असते. 'सांगितलंस तर कोणी रागावणार नाही' हे कुत्रं घरात यायच्या आधीच बोलून ठेवा.

तुमची दोन्ही पोरं दहाच्या पुढची असतील आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करण्याची शिस्त असेल, तर पाळी नीट चालते. पाच-सहा वर्षांच्या पोराला मात्र दोन्ही नको, त्यानं तुमच्यासोबत करावं.

नेमून देण्यातही एक भोक आहे, ते आम्हाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कळलं. धाकटा मामाकडे धुळ्याला गेला आणि ऐन उन्हात पाण्याचं काम कोणाच्याच अंगवळणी नव्हतं. आता सुट्टीच्या आधी आठवडाभर कामांची अदलाबदल करतो. सध्या तीच चालू आहे. नुसतं वरून ओतायचं नाही, भांडं आधी विसळायचं, हे धाकटा ताईला रोज बजावतोय, आणि ती तोंड वाकडं करून ऐकतेय.